उष्णतेच्या वाटा मोजणारा आयरिश मोजणीदार : जॉन टिंडल

पृथ्वीला ऊब कुठून मिळते, या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मूलही देईल : सूर्यापासून. पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. सूर्याची जेवढी उष्णता पृथ्वी शोषून घेते, जवळजवळ तेवढीच ती अवकाशाला परत करते. केवळ या देवघेवीचा हिशेब मांडला, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सियस भरायला हवे. प्रत्यक्षात पृष्ठभागाचे सरासरी तापमान शून्यावर सुमारे १५ अंश आहे. या ३३ अंशांच्या फरकावर पृथ्वीवरची शेती, नद्या आणि माणसांची वस्ती टिकून आहे. हा फरक कोणत्या वायूंमुळे पडतो, हे प्रयोगशाळेत मोजून दाखवणारा माणूस आयर्लंडमधल्या एका लहानशा गावात जन्मला होता. त्याचे नाव जॉन टिंडल.

आयर्लंडच्या आग्नेय भागात कार्लो परगण्यातून बॅरो नदी वाहते. तिच्या काठावरील लॉकलिनब्रिज या गावी २ ऑगस्ट १८२० रोजी टिंडल यांचा जन्म झाला. वडील पोलीस दलात शिपाई होते, चर्मकामही करीत. मिळकत बेताची, पण घरात पुस्तकांची चाड होती. कुटुंब प्रॉटेस्टंट होते आणि वडिलांची धर्ममते कडवी होती. तरीही मुलाला उत्तम गणित शिकवणारा मास्तर शेजारच्या गावात आहे असे कळल्यावर त्यांनी त्याला जॉन कॉनविल या कॅथलिक शिक्षकाच्या शाळेत घातले. त्या काळच्या आयर्लंडमध्ये धर्माची ही कुंपणे उंच होती. भूमिती आणि मोजणीचे जे शिक्षण टिंडल यांना आयुष्यभर पुरले, ते या कुंपणापलीकडच्या शाळेत मिळाले.

१८३९ मध्ये त्यांना आयर्लंडच्या सरकारी भूमापन खात्यात नोकरी लागली. साखळ्या ओढणे, कोन मोजणे, नकाशे रेखाटणे हे काम. वेतन आठवड्याला एका पौंडापेक्षाही थोडे कमी. कॉर्क परगण्यातील यॉल आणि किन्सेल या बंदरगावांतून त्यांनी काम केले. १८४२ मध्ये खात्याने त्यांना इंग्लंडात प्रेस्टन येथे पाठवले. तिथे आयरिश कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध आणि तुटपुंज्या पगाराविरुद्ध त्यांनी आवाज उठवला. परिणाम ठरलेला होता : १८४३ मध्ये नोकरी गेली. पुढे इंग्लंडात रेल्वेमार्ग टाकण्याचे वेड लागले, तेव्हा मोजणीदारांना एकाएकी भाव आला. टिंडल मँचेस्टर आणि हॅलिफॅक्स परिसरात रेल्वेची मोजणी करू लागले. मागे आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून भीषण दुष्काळ पडला होता आणि लक्षावधी माणसे मरत होती किंवा देश सोडत होती. पोटासाठी समुद्र ओलांडलेल्यांच्या त्या पिढीत टिंडलही होते; फरक एवढाच की त्यांच्या हाताशी मोजण्याची विद्या होती.

रेल्वेचा ज्वर ओसरल्यावर १८४७ मध्ये ते हॅम्पशायरमधील क्वीनवुड महाविद्यालयात शिक्षक झाले. तिथे एडवर्ड फ्रँकलंड हा तरुण रसायनशास्त्रज्ञ त्यांचा सहकारी होता. एक गणित शिकवी, दुसरा रसायन. पहाटे दोघे एकमेकांना आपापला विषय शिकवीत. १८४८ मध्ये गाठीला बांधलेले पैसे घेऊन दोघेही जर्मनीत मारबुर्ग विद्यापीठात गेले. भाषा परकी, वय अठ्ठावीस आणि मिळकत शून्य. रॉबर्ट बुन्सेन यांच्या हाताखाली टिंडल यांनी प्रयोगविद्या आत्मसात केली आणि दोन वर्षांत डॉक्टरेटचे काम पुरे केले. परतल्यावर मात्र प्राध्यापकपदासाठी केलेले अर्ज एकामागून एक नाकारले गेले. अखेर फेब्रुवारी १८५३ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या एका व्याख्यानाने दैव पालटले. काही महिन्यांतच ते त्या संस्थेत निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि मायकेल फॅरेडे यांचे शेजारी व सहकारी बनले. पुढची चौतीस वर्षे तीच त्यांची कर्मभूमी होती.

याच सुमारास आल्प्स पर्वताने त्यांना ओढ लावली. १८५६ पासून ते हिमनद्यांचा अभ्यास करू लागले. १८६१ मध्ये साडेचार हजार मीटर उंचीच्या वाइसहॉर्न शिखरावर प्रथम पाऊल ठेवणाऱ्यांत ते होते. हिमनद्यांच्या सहवासात एक जुने कोडे त्यांच्यापुढे उभे राहिले. युरोपच्या दऱ्याखोऱ्यांत, आज जिथे गवत आणि द्राक्षमळे आहेत तिथेही, बर्फाने घासून गुळगुळीत केलेले खडक सापडतात. म्हणजे एके काळी बर्फ तिथवर पसरले होते. मग सूर्य थंडावला होता, की पृथ्वीच्या उष्णतेच्या जमाखर्चात दुसरेच काही बदलले होते?

या जमाखर्चाची पहिली नीट मांडणी फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये यांनी १८२० च्या दशकात केली होती. त्यांनी पृथ्वीच्या उष्णतेचे तीन उगम मानले : सूर्य, पृथ्वीच्या पोटातील मूळची आग आणि ताऱ्यांनी भरलेल्या अवकाशाचे स्वतःचे तापमान. यांपैकी पोटातील आगीचा पृष्ठभागाच्या हवामानावर होणारा परिणाम नगण्य आहे, हे त्यांनी गणिताने दाखवले. अवकाशाच्या तापमानाविषयीचा त्यांचा अंदाज पुढे चुकीचा ठरला. पण त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली होती. सूर्याकडून येणारी उष्णता प्रकाशाच्या रूपात असते. तापलेली जमीन जी उष्णता परत सोडते ती डोळ्यांना न दिसणारी, काळोखी असते. हवा पहिलीला वाट देते आणि दुसरीला अडवते, असे असावे. मात्र हा तर्क होता. हवेतील कोणता वायू काळोखी उष्णता अडवतो आणि किती, हे कोणीही मोजले नव्हते. वायू इतके विरळ असतात की त्यांचा परिणाम मोजण्याजोगा असेल, यावर फारसा कोणाचा विश्वासही नव्हता.

हे मोजण्यासाठी मोजणीदाराचाच पिंड हवा होता. टिंडल यांनी सुमारे चार फूट लांबीची पितळी नळी घेतली. तिची तोंडे काचेने बंद करून चालणार नव्हते, कारण काच काळोखी उष्णता अडवते. म्हणून त्यांनी सैंधवाच्या घासून पारदर्शक केलेल्या चकत्या बसवल्या. सैंधवातून ही उष्णता सहज आरपार जाते. नळीच्या एका टोकाशी उकळत्या पाण्याने भरलेला धातूचा घन ठेवला. दुसऱ्या टोकाशी उष्णतेचे विजेत रूपांतर करणारा थर्मोपाइल आणि त्याला जोडलेला गॅल्व्हानोमीटर होता. परिणाम अतिसूक्ष्म असल्यामुळे त्यांनी तराजूची युक्ती योजली. थर्मोपाइलच्या दुसऱ्या बाजूला आणखी एक उष्ण घन ठेवून दोन्हीकडची उष्णता तंतोतंत सारखी केली, म्हणजे काटा शून्यावर स्थिर. मग नळीत वायू सोडायचा. त्याने उष्णता अडवली तर तोल बिघडणार आणि काटा हलणार. अडचणी असंख्य होत्या. गॅल्व्हानोमीटरची तार ज्या हिरव्या रेशमाने गुंडाळली होती, त्याच्या रंगातील लोखंडाचा अंशही काटा भरकटवत असे. ते रेशीम काढून पांढरे वापरावे लागले.

मे १८५९ मध्ये प्रयोग साधला. त्या महिन्याअखेर रॉयल सोसायटीला कळवण्यात आले आणि १० जूनला राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट यांच्या अध्यक्षतेखाली जाहीर प्रात्यक्षिक झाले. १८६१ च्या प्रारंभी टिंडल यांनी सविस्तर निष्कर्ष मांडले आणि ते थक्क करणारे होते. हवेचा जवळजवळ सगळा भाग ज्यांनी बनला आहे ते नायट्रोजन आणि ऑक्सिजन काळोख्या उष्णतेला जणू दिसतच नव्हते. काटा जेमतेम हलत होता. उलट हवेत अल्प प्रमाणात असलेली पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड हे वायू ती उष्णता जोमाने शोषत होते. दिव्यांसाठी नळांतून येणारा कोळशाचा वायू आणि इथिलीन यांनी तर काटा जोरात फिरवला. हे सगळे वायू डोळ्यांना सारखेच पारदर्शक दिसतात. उष्णतेच्या दृष्टीने मात्र काही उघड्या खिडकीसारखे, तर काही जाड पडद्यासारखे. हवेतील या अल्पस्वल्प घटकांच्या प्रमाणात बदल झाला, तर भूगर्भशास्त्रज्ञांना दिसणारे प्राचीन हवामानबदल घडू शकतील, असा निष्कर्षही टिंडल यांनी तेव्हाच काढला.

पुढील वर्षांत त्यांनी उष्णतेचा उगम बदलून पाहिला आणि इथे त्यांच्या कामाचे खरे मर्म आहे. उकळत्या पाण्याच्या घनाऐवजी विजेने पांढरीशुभ्र तापवलेली प्लॅटिनमची तार ठेवली, की तोच वायू कमी उष्णता अडवीत असे. उगम जितका तप्त, तितकी त्याची उष्णता वायूंतून सहज निसटते; उगम जितका थंड, तितकी ती अडकते. सूर्य अतितप्त, म्हणून त्याचे किरण हवा भेदून जमिनीपर्यंत येतात. जमीन कोमट, म्हणून तिची उष्णता परतीच्या वाटेवर अडते. याहून चमत्कारिक प्रयोग कार्बन मोनॉक्साइडच्या ज्योतीचा होता. ही ज्योत जळताना कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तिच्यापासून निघणारी उष्णता नळीतल्या कार्बन डायऑक्साइडने इतर कोणत्याही उगमाच्या उष्णतेपेक्षा कितीतरी जास्त शोषली. वायू ज्या जातीची उष्णता स्वतः सोडतो, तीच तो हावरेपणाने गिळतो. या गुणाचा उपयोग करून माणसाच्या उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजता येतो, हेही त्यांच्या प्रयोगशाळेत दाखवले गेले. आज शस्त्रक्रियागृहात भूल दिलेल्या रुग्णाच्या श्वासावर लक्ष ठेवणारी यंत्रे याच तत्त्वावर चालतात.

अमेरिकेत युनिस फूट या स्त्रीने १८५६ मध्येच कार्बन डायऑक्साइड भरलेले नळकांडे उन्हात ठेवून ते साध्या हवेपेक्षा अधिक तापते आणि हळू निवते, असे नोंदवले होते. हवेत हा वायू वाढला तर पृथ्वी तापेल, असेही तिने लिहिले. हा मान तिचाच. टिंडल यांच्या निबंधात तिचा उल्लेख नाही. पण तिच्या प्रयोगातला उगम सूर्य होता. जमिनीची काळोखी उष्णता त्यातून वेगळी काढता येत नव्हती. उगम वेगळे करून प्रत्येकाची परीक्षा घेण्याचे काम टिंडल यांनी केले.

हे तत्त्व महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अनुभवाला येते. नाशिक जिल्ह्यातले निफाड आणि पालघर जिल्ह्यातले डहाणू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत. जानेवारीच्या स्वच्छ, कोरड्या रात्री निफाडचे तापमान एक आकडी होते आणि द्राक्ष बागायतदार बागांत शेकोट्या पेटवतात. त्याच रात्री किनाऱ्यावरच्या डहाणूत एवढी कडाक्याची थंडी नसते. समुद्राचे सान्निध्य आणि निफाडची उंची ही कारणे आहेतच. पण किनाऱ्याच्या दमट हवेतील वाफ जमिनीची उष्णता धरून ठेवते आणि पठारावरील कोरड्या आभाळातून ती निसटून जाते, हेही एक मोठे कारण आहे. सूर्यास्तानंतर उष्णतेचा मुख्य उगम दोन्हीकडे मावळलेला असतो. फरक पडतो तो जाणाऱ्या उष्णतेच्या वाटेवर. टिंडल यांनी हा व्यवहार समजावण्यासाठी नदीवरच्या बंधाऱ्याचा दाखला दिला होता. बंधारा नवे पाणी निर्माण करीत नाही. वाहते पाणी अडल्यामुळे मागची पातळी मात्र चढते.

या शोधाला विरोधही झाला. बर्लिनचे गुस्टाव्ह मॅग्नुस हे मातब्बर भौतिकशास्त्रज्ञ पाण्याच्या वाफेचे सामर्थ्य मान्य करीनात. सैंधव ओल धरते, तेव्हा ती ओलच उष्णता अडवीत असावी, असा त्यांचा आक्षेप होता. टिंडल यांनी सैंधवाच्या चकत्या काढून, नळीची तोंडे उघडी ठेवून प्रयोग पुन्हा केला. वाद कित्येक वर्षे चालला, पण काट्याची साक्ष बदलली नाही.

टिंडल यांची वाणी रसाळ होती. उष्णता ही गतीचाच एक प्रकार आहे हे सांगणारे त्यांचे १८६३ चे पुस्तक सामान्य वाचकांनीही वाचले. धुळीच्या सूक्ष्म कणांवरून प्रकाश विखुरतो, या त्यांच्या अभ्यासाला आजही त्यांचेच नाव आहे. मात्र मायभूमीशी त्यांचे नाते गुंतागुंतीचे राहिले. १९ ऑगस्ट १८७४ रोजी ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्ष म्हणून बेलफास्टमध्ये त्यांनी भाषण केले आणि विश्वाच्या उत्पत्तीविषयी बोलण्याचा अधिकार धर्मपीठाचा नसून विज्ञानाचा आहे, असे ठणकावले. कॅथलिक धर्मगुरूंनी पत्रके काढली, प्रॉटेस्टंट चर्चांतूनही निषेध झाला. परस्परांशी न पटणारे दोन पंथ निदान या एका बाबतीत एका बाजूला आले.

राजकारणात ते दुसऱ्या टोकाला होते. होमरूल हा शब्द मराठी माणसाला लोकमान्य टिळकांच्या १९१६ च्या चळवळीमुळे परिचित आहे. तो मुळात आयर्लंडचा. १८८६ मध्ये ग्लॅडस्टन यांनी आयर्लंडला स्वराज्याचे हक्क देण्याचे विधेयक आणले, तेव्हा टिंडल त्याचे कडवे विरोधक होते. तरुणपणी आयरिश सहकाऱ्यांच्या हक्कासाठी नोकरी गमावणारा हा माणूस उतारवयात आयरिश स्वराज्याच्या विरुद्ध उभा राहिला. तरी व्यक्तिगत न्यायबुद्धी त्यांनी सोडली नाही. दीपगृहांचे वैज्ञानिक सल्लागार असताना डब्लिनच्या जॉन विगम या संशोधकाच्या वायुदिव्यांवर अन्याय होतो आहे असे वाटून १८८३ मध्ये त्यांनी ते पद सोडले.

टिंडल यांनी वाटेचा हिशेब मांडला. पृथ्वीच्या पोटातील उगमाचा हिशेब आणखी दोघा आयरिश शास्त्रज्ञांच्या हातून पुढे गेला. बेलफास्टला जन्मलेले विल्यम थॉमसन, म्हणजेच लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८६२ मध्ये पृथ्वी निवण्याच्या वेगावरून तिचे वय दोन ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान ठरवले. आत नवी उष्णता तयार होत नाही, हे त्यांनी गृहीत धरले होते. पुढे किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील जॉन जोली यांनी खडकांतील किरणोत्सर्गी द्रव्ये उष्णतेचा सतत झरणारा उगम आहेत, हे १९०९ च्या ग्रंथात विस्ताराने मांडले. तरीही हवामानाच्या हिशेबात पोटातल्या आगीचा वाटा किरकोळच राहतो. आजच्या मापनानुसार पृथ्वीच्या अंतर्भागातून दर चौरस मीटरला सरासरी एक दशांश वॉटहून किंचित कमी उष्णता वर येते. माणसाने जाळलेल्या इंधनाची आणि वापरलेल्या ऊर्जेची प्रत्यक्ष उष्णता जगभर पसरली, तर ती दर चौरस मीटरला सुमारे ०.०४ वॉट भरते. सूर्याकडून पृथ्वी सुमारे २४० वॉट शोषते. आणि औद्योगिक युगात वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडने उष्णतेची जी वाट अडवली आहे, तिचा परिणाम सुमारे दोन वॉटचा आहे. चुलीतली आग तेवढ्यापुरती तापवते आणि निवते. तिचा धूर वर जाऊन जे करतो ते पन्नास पटींनी मोठे आणि दीर्घकाळ टिकणारे आहे.

१८७६ मध्ये पंचावन्नाव्या वर्षी टिंडल यांचा लुइझा हॅमिल्टन यांच्याशी विवाह झाला. १८८७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होऊन ते दक्षिण इंग्लंडात हाइंडहेड येथे राहू लागले. निद्रानाशासाठी ते क्लोरल घेत, पोटासाठी मॅग्नेशिया. ४ डिसेंबर १८९३ रोजी लुइझा यांच्या हातून बाटल्यांची अदलाबदल झाली आणि मॅग्नेशियाऐवजी क्लोरलची मोठी मात्रा पोटात गेली. त्याच दिवशी टिंडल यांचे निधन झाले. लुइझा त्यांच्यामागे ४६ वर्षे जगल्या. पतीचे चरित्र सिद्ध करण्यासाठी त्या अखेरपर्यंत कागद जमवत राहिल्या. ते चरित्र इतरांच्या हातून १९४५ मध्ये निघाले, तेव्हा त्या हयात नव्हत्या. या दीर्घ विलंबात टिंडल यांचे नाव लोकांच्या स्मरणातून बरेचसे पुसले गेले.

त्यांचे मोजमाप मात्र पुसले गेले नाही. मृत्यूनंतर तीनच वर्षांनी स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी कार्बन डायऑक्साइडच्या कमीजास्त प्रमाणाने पृथ्वी किती निवेल वा तापेल याचे गणित मांडले. त्याचा पाया टिंडल यांनी घातलेला होता. आज कॉर्कमधील राष्ट्रीय संशोधन संस्था टिंडल यांच्या नावाने ओळखली जाते. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठातील हवामानबदल संशोधन केंद्रालाही त्यांचेच नाव आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, गॉलवे परगण्यातील मेस हेड येथे अटलांटिकवरून येणारी हवा अनेक दशके तपासली जाते आहे आणि तीतील कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांच्या नोंदी ठेवल्या जातात. सूर्याच्या उष्णतेवर माणसाची सत्ता नाही आणि पृथ्वीच्या पोटातील आगीवरही नाही. परतीच्या उष्णतेच्या वाटेवर बंधारा किती उंच बांधायचा, हे मात्र माणसाच्या हाती आहे.